हौसामावशींनी घर मोकळं केलं

लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा राहायला खोली बघत मी गावभर हिंडत होते. शाळेचे शिपाई रामभाऊ यांनी वलवणच्या रस्त्याला असलेलं एक घर सुचवलं आणि जाता जाता हळूच म्हणाले, “खोली चांगली हाय, पण आत जागा हाय का ते बघून घ्या.” मला त्या बोलण्याचा अर्थ लागला नाही. घरमालकीणबाईंनी खोलीचं दार उघडलं तेव्हा तो लागला. अर्ध्या खोलीत जमिनीपासून आढ्यापर्यंत सामान रचलेलं होतं. पुढे पत्र्याचे डबे, त्यांच्यामागे कणग्या, कोंबड्यांची डालगी, पावसात डोक्यापाठीवर घ्यायची पानांची इरली, मोडका पाळणा, बैलांच्या गळ्यातले पट्टे, आणि सगळ्यात मागे कुठेतरी नांगराचं टोक दिसत होतं. उरलेली अर्धी जमीन शेणानं सुरेख सारवलेली होती. मालकीणबाईंनी हातानं हवेत एक रेघ ओढली आणि म्हणाल्या, “ह्या अंगाला तुमचं, त्या अंगाला माझं. माझ्या सामानाचा तुमाला काय बी तरास व्हनार न्हाई.”

सामान कधी हलवणार, असं मी विचारलं. घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला कधी हलवणार, असं विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दुसरी खोली मिळेपर्यंत राहू, असं मनाशी ठरवून मी ट्रंक आत आणली. पुढे काही वर्षं मी तिथंच राहिले. त्या मालकीणबाई म्हणजे हौसामावशी.

मावशींची पन्नाशी उलटलेली होती. उंच, काटक बांधा, गुडघ्याच्या जरा खाली येणारं काष्ट्याचं लुगडं, आणि रस्त्यानं चालताना नजर कायम जमिनीवर. वाटेत पडलेला खिळा, दोरीचा तुकडा, बाटलीचं बूच त्यांना लांबून दिसे. उन्हाळा सरून बंगलेवाले मुंबईला परत गेले की मावशींचा हंगाम सुरू होई. बंगल्यांचे माळी त्यांच्या ओळखीचे होते. मालक मंडळी टाकून गेलेले बिस्किटांचे डबे, औषधाच्या बाटल्या, छत्रीच्या काड्या, खुर्चीचा एखादा पाय, शिवाय गुडदाणीच्या, म्हणजे चिक्कीच्या, दुकानातले रिकामे डबे, असं काय काय घेऊन त्या येत. आणलेली वस्तू आधी राखेनं घासायची, धुवायची, अंगणात उन्हाला ठेवायची आणि मगच घरात घ्यायची. त्यामुळे घर भरलेलं असलं तरी घाण नव्हतं. दर शनिवारी त्या फडकं घेऊन सगळ्या ढिगावरून हात फिरवत. एवढ्या पसाऱ्यातून नेमकी हवी ती सुई त्या अंधारातही काढून देत.

‘अडगळ’ हा शब्द मात्र त्यांना खपत नसे. मी एकदा सहज बोलून गेले, तर त्या शांतपणे म्हणाल्या, “अडगळ कुनाला म्हनता बाई? तिची पाळी आली न्हाई अजून, येवढंच.”

वस्तू देताना त्यांच्या जिवाची फार उलघाल होई. एकदा शेजारच्या घरी पाहुणे आले म्हणून शेजारणीनं परातीवर घालायला मोठं झाकण मागितलं. मावशींकडे झाकणांचा एक कोपराच होता. त्यांनी नाही म्हटलं नाही, झाकण दिलं. पण दुपारी त्या शेजारी जाऊन आल्या, संध्याकाळी पुन्हा गेल्या. पाहुण्यांना वाटलं, म्हातारी किती अगत्यानं विचारपूस करते. त्या बघत होत्या झाकण. अखेर शेजारणीनं पाहुणे जेवत असतानाच ते घासून परत केलं, तेव्हा कुठे मावशी जेवायला बसल्या.

घरात मावशींचा मुलगा गणपत, सून पार्वती आणि नुकती रांगायला लागलेली नात छबी अशी माणसं होती. मावशींचे यजमान रेल्वेत गँगवर होते, ते मी येण्याआधीच वारले होते. गणपतही रेल्वेतच हमालीचं मिळेल ते काम करी. तो अबोल होता. आईचं मन मोडायचं नाही म्हणून सामानाच्या मधून तिरका होऊन चालायची त्यानं अंगाला सवय लावून घेतली होती. खरी कोंडी होती ती पार्वतीची. चूल एका कोपऱ्यात, मडकी दुसऱ्या कोपऱ्यात, आणि रात्री अंथरूण घालायचं म्हणजे आधी काही वस्तू बाहेर पडवीत न्यायच्या आणि सकाळी परत आणायच्या. ती कधी तक्रार करत नसे. एका दुपारी मुलीला पाजायला माझ्या खोलीत येऊन बसली आणि म्हणाली, “बाई, मला दुसरं काय नगं. पाठ टेकायला एक भित पायजे. साऱ्या घरात मोकळी भित न्हाई.”

पावसाळ्यात त्या घरातली हवा ओल्या घोंगडीसारखी होई. लोणावळ्याचा पाऊस आठवडेच्या आठवडे खळत नाही. माणसाला जसा कोरडा कोपरा हवा असतो तसा तो किड्यामुंगीलाही हवा असतो. अशाच एका दुपारी छबी रांगत रांगत डब्यांच्या फटीत शिरली आणि किंचाळली. पार्वतीनं तिला बाहेर ओढलं, तेव्हा तिच्या दंडावरून विंचू खाली पडला.

मी शाळेतून आले तेव्हा घरापुढे माणसं जमली होती. गणपत मुलीला घोंगडीत गुंडाळून बाजारातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेला होता. मावशी उंबऱ्यावर बसून होत्या. हाताचा पंजा उघडत होत्या आणि मिटत होत्या. मुलीला घाम फुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले. डॉक्टरांनी सुई टोचली आणि रात्र काढली तर वाचेल असं सांगितलं. तिनं रात्र काढली. सकाळी छबी दूध प्यायली, तेव्हा रात्रभर उभी असलेली पार्वती खाली बसली.

या प्रकारानंतर गणपतनं आईला एक शब्दही विचारला नाही. आठवड्याभरानं मावशी वाकसईला नात्यात बारशाला गेल्या होत्या, तेव्हा त्यानं बैलगाडी आणली आणि मधल्या घरातलं निम्मं सामान भरून भंगारवाल्याकडे नेऊन टाकलं. मावशी परत आल्या, घरात पाऊल टाकलं आणि थबकल्या. कुणीही काही सांगायची गरज पडली नाही. पिशवी तशीच हातात धरून त्या उलट पावली बाहेर पडल्या आणि भंगारवाल्याच्या दारात जाऊन बसल्या. तो बिचारा त्यांना समजावून दमला. दिवस मावळायच्या सुमाराला त्यानंच आपल्या गाडीत सगळं भरलं आणि घरी पोचतं केलं. उतरवून घेताना पार्वतीच्या लक्षात आलं की एक फुटका कंदील आणि एक बादली जास्तीची आली आहे. ती दुसऱ्याच कुणाची तरी होती. मावशींनी तीही धुऊन ठेवली.

त्या संध्याकाळी गणपत आईसमोर बसला. मी पडवीत होते, त्यामुळे त्याचं बोलणं मला ऐकू आलं. आवाज चढलेला नव्हता. तो म्हणाला, “आये, घर तुजंच हाये. पन त्यात आमी मावत न्हाई.” खडकीच्या कारखान्यात माणसं घेत होते. पंधरा दिवसांत तो बायको-मुलीला घेऊन तिकडे राहायला गेला. निघताना पार्वती सासूच्या पाया पडली. मावशींनी नातीवरून हात ओवाळून आपल्या कानशिलावर बोटं मोडली आणि सुनेच्या हातात एक बिस्किटाचा डबा दिला. पार्वतीनं तो गाडीत चढण्याआधी माझ्याकडे दिला. मी तो मावशींना न दिसेल असा माझ्या ट्रंकेमागे ठेवला.

मुलगा गेल्यावर मावशी माझ्या खोलीत येऊन बसायला लागल्या. मी वह्या तपासत असे, त्या सुपारी कातरत बसत. त्यांचं गाव वलवणच्या धरणात गेलेलं आहे हे मला तेव्हा कळलं. मी कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, “लोकांला वाटतं लोंढा आला आन गाव ग्येलं. तसं न्हाई बाई. पानी हळूहळू चढतं. रोज जायाचं आन बघायचं, आज कुटवर आलं. आज बांधाला लागलं, आज गोठ्याला लागलं. घर काय उचलून आनता येत न्हाई, म्हनून घरातलं आनलं. आमच्या मालकांनी दाराची चौकट सुदिक काढून आनली. गाडीवाला हसला. म्हनला, घराबिगर चौकट काय करनार?” ती चौकट मधल्या घरात भिंतीला टेकून उभी होती. मी रोज तिच्यासमोरून जात असे आणि ती जुनं लाकूड आहे एवढंच समजत असे.

गाव गेलं म्हणून मावशी वस्तू साठवायला लागल्या, असं मी त्या दिवशी मनाशी धरलं. आता इतकं सोपं वाटत नाही. त्यांच्याबरोबर गाव सोडलेली दुसरीही कुटुंबं होती, त्यांच्या घरांत हे नव्हतं. मावशींनीच एकदा सांगितलं होतं की लहानपणीही त्या चिंचोके मोजून उशाशी घेऊन झोपत. माणसाच्या सवयीला एकच मूळ असतं असं नाही.

त्यांनी पहिली वस्तू आपणहून दिली तो दिवस मला आठवतो. डोंगरातल्या ठाकरवाडीतली भागी आठवड्याला पत्रावळीची पानं विकायला येई. त्या दिवशी पाऊस धरून आला होता आणि तिच्या पाठीला तान्हं मूल होतं. मुलाच्या डोक्यावर तिनं सागाचं पान धरलं होतं, ते वाऱ्यानं फाटलं होतं. मावशी बराच वेळ त्या पानाकडे बघत होत्या. मग माझ्या खोलीत आल्या, ढिगावरून एक इरलं काढलं, त्यावरची धूळ पदरानं पुसली आणि भागीच्या पाठीवर ठेवलं. ते तिच्या कमरेपर्यंत आलं. मूल आत दिसेनासं झालं. भागी म्हणाली, पुढच्या खेपेला आणून देते. मावशी म्हणाल्या, “आनू नगं.”

भागी रस्त्यानं जात होती तेव्हा मावशी पडवीच्या खांबाला धरून उभ्या होत्या. वळणापलीकडे इरलं दिसेनासं झालं तरी त्या हलल्या नाहीत. मला वाटलं, आता झाकणासारखं होणार, मावशी तिच्या मागोमाग ठाकरवाडीला जाणार. पण त्या आत आल्या आणि माझ्याशी नव्हे, स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाल्या, “वाळल्यालं व्हतं. पान्यात गेल्यावं हिरवं दिसाया लागलं.” मग ढिगावर इरलं होतं त्या जागी त्यांनी हात ठेवून पाहिला.

तिथून त्यांची एक रीत बसली. टाकणं हा शब्द त्या तोंडातून काढू देत नसत. “टाकायचं नाव घेऊ नगा. हात दावा मला, मंग देते.” म्हणजे त्या वस्तूची ज्याला गरज आहे असा माणूस दाखवा. मग हात शोधायचं काम माझ्याकडे आलं. शाळेतल्या मुलींच्या घरी मी जात असे, तिथे कुणाला काय लागतं हे दिसे. एका मुलीच्या आईला धान्य ठेवायला कणगी हवी होती. एकीच्या वडलांनी कोंबड्या पाळल्या होत्या, त्यांना डालगं हवं होतं. पोस्टाजवळच्या चहावाल्याला पत्र्याचे डबे हवे होते. मी येऊन सांगे. मावशी त्या माणसाविषयी चार प्रश्न विचारत. वस्तू उन्हात ठेवतो का, पावसात विसरतो का, बायकोशी नीट बोलतो का. समाधान झालं की एक वस्तू बाहेर काढत.

पण देण्याआधी ती वस्तू माझ्यासमोर ठेवून तिची हकीकत सांगत. ही कणगी कुणी विणली, त्या साली भात किती झाला, ह्या पाळण्याची दोरी कुणी वळली, हा पट्टा ज्या बैलाचा तो बैल कसा मारका होता आणि मालकांपुढे कसा मान खाली घाली. सांगताना त्या वस्तूकडे बघत, माझ्याकडे नाही. सांगून झालं की उठत आणि म्हणत, “चला, झालं हिचं.” मला आधी वाटे, ही दिरंगाई आहे, वस्तू हातची सुटू नये म्हणून चाललेली. पुढे लक्षात आलं की हकीकत सांगून झालेली वस्तू त्या सहज देतात, आणि घाईत, न सांगता दिलेली वस्तू बघायला त्या दुसऱ्याच दिवशी जातात. म्हणून मी घाई करणं सोडलं.

मोडकी वस्तू कुणाला द्यायची नाही, हा त्यांचाच नियम. “मोडकं द्यायचं म्हंजी आपलं वझं दुसऱ्याच्या डोक्यावं. त्यात कसलं देनं?” मोडकं लाकूड बंबात गेलं. त्या वर्षी आम्ही दोघी भरपूर ऊन पाण्यानं न्हालो. फुटक्या बाटल्या त्यांनी स्वतः खड्डा खणून परसात पुरल्या. दिवसाला एकाहून जास्त वस्तू काढायची नाही, हाही त्यांचाच नियम. मी सुट्टीच्या दिवशी उत्साहानं दोन-तीन वस्तू बाहेर काढल्या की त्या म्हणत, “आज एकच. जीव येका येळी येकाच ठिकानी लागतो आन येकाच ठिकानावून निगतो.”

हे सरळ पार पडलं असं मात्र नाही. दिवाळीनंतर यजमानांचं श्राद्ध झालं आणि मावशींचा हात थांबला. महिनाभर काहीच घराबाहेर गेलं नाही. उलट एका सकाळी त्या बंगल्यावरून वेताची मोडकी खुर्ची आणि माती वाहायच्या दोन पाट्या घेऊन आल्या. त्यांनी खुर्ची धुतली, उन्हात ठेवली. ती वाळेस्तोवर तिच्याकडे बघत बसल्या. मग मला विचारलं, “बाई, हिची काय हकीकत हाये?” मी म्हटलं, मला कशी ठाऊक असणार. त्या म्हणाल्या, “मला बी न्हाई. मंग ही माझी न्हवं.” संध्याकाळी ती खुर्ची त्यांनी परत बंगल्याच्या माळ्याकडे नेऊन दिली. पाट्या मात्र ठेवल्या. पाट्या लागतात, म्हणाल्या, आणि खरोखरच लागल्या.

मधल्या घरातली चौकट शेवटी शाळेच्या शिपाई रामभाऊंना गेली. ते नवीन घर बांधत होते. पण मावशींपाशी चौकटीचं नाव काढायला मला धीर होत नव्हता. मावशींनीच एके दिवशी मला विचारलं, रामभाऊंचं दार कुठल्या लाकडाचं करणार. मी म्हटलं, अजून ठरलेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी चौकटीला तेल पाजलं. तिची हकीकत सांगायला त्यांना दोन संध्याकाळी लागल्या. त्या दारातून त्या नवरी म्हणून आत आल्या होत्या, आणि त्याच दारातून त्यांच्या सासऱ्यांना शेवटचं बाहेर नेलं होतं. रामभाऊंच्या वास्तुशांतीला आम्ही दोघी गेलो. मावशी त्या दारातून आत गेल्या, चूल बघितली, देवघर बघितलं आणि बाहेर आल्या. “वारा चांगला येतो त्यातनं,” एवढंच म्हणाल्या. नंतर त्या रामभाऊंच्या घरी बघायला गेल्या नाहीत.

चौकट गेली तशी मधल्या घरातली एक अख्खी भिंत मोकळी झाली. मावशींनी तिला पांढऱ्या मातीचा हात दिला. ती वाळल्यावर त्या नवीन लुगडं नेसल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा एकट्यानं पुण्याच्या गाडीत बसल्या. खडकीला मुलाची चाळ शोधत त्या कशा पोचल्या ते पार्वतीनं मला पुढे सांगितलं. त्यांनी मुलाला परत या म्हटलं नाही, माफीही मागितली नाही. भाकरी खाल्ली, नातीला मांडीवर घेतलं आणि सुनेला म्हणाल्या, “एक भित मोकळी झालीया. येऊन टेकून बघ.”

पार्वतीला हसू आलं आणि रडूही आलं. हे मी फक्त तुम्हाला बोलले होते, आत्याबाईंना कसं कळलं, असं तिनं मला विचारलं. मी सांगितलं नव्हतं. त्या घराच्या भिंती पातळ होत्या, आणि मावशींचं लक्ष सगळ्या वस्तूंवर असे तसं माणसांवरही असलं पाहिजे.

गणपत कायमचा परत आला नाही, त्याची नोकरी खडकीला होती. पण सणावाराला ती तिघं यायला लागली, आणि दुसऱ्या खेपेला पार्वती बाळंतपणाला माहेरी न जाता सासूकडे आली. मावशी तिच्यापाशी बसून तिच्या पायांना तेल चोळत. छबी मोकळ्या जमिनीवर धावे. धावताना ती कुठे अडखळली की मावशींच्या हातातली तेलाची वाटी थांबे.

माझ्या खोलीतला ढीग सर्वांत शेवटी सरला. डबे, कणग्या, डालगी गेली आणि भिंतीला लावलेला, तरट टाकून झाकलेला नांगर तेवढा उरला. नवलाख उंबरे गावात मावशींचा भाचा होता, तो भावांपासून वेगळा निघाला होता आणि त्याला नांगर हवा होता. तो गाडी घेऊन आला. त्यानं आणि गाडीवानानं मिळून नांगर उचलला, तेव्हा मागे एक लाकडी खिडकी दिसली. त्या अंगाला बाहेर नुसता उतार, तिकडे मी कधी गेले नव्हते, त्यामुळे खोलीला खिडकी आहे हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. मी दिव्याच्या उजेडात वह्या तपासत होते आणि त्या भिंतीत खिडकी होती.

मी मावशींना म्हटलं, बघा, तुम्हीही विसरला होता. भाचा गेल्यावर त्या माझ्या वळकटीवर बसल्या आणि म्हणाल्या, “इसरले न्हवते. ह्या घरात ऱ्हायला आलो तवा ही उघडली की पानी दिसायचं. मला बघवायचं न्हाई. मालकांना म्हनलं, बुजवून टाका. ते म्हनले, उजेड कशाला बुजवायचा, म्होरं कायतरी उभं कर. म्हनून नांगर लावला. मंग नांगराच्या म्होरं कनगी. मंग डबं. पुढं काय लावतोय आन कशाला लावतोय, त्ये ध्यानातनंच ग्येलं.”

खिडकी उघडायची का, असं मी विचारलं. त्यांनी हो म्हणून मान हलवली, पण जागच्या उठल्या नाहीत. कडी गंजली होती, मला ती दगडानं ठोकावी लागली. झडप उघडली तशी समोर उतारावरची झाडं आणि त्यांच्याखाली लांबवर पाण्याची एक निळी पट्टी दिसली. ऊन पडलेलं होतं. काही वेळानं मावशी उठल्या, खिडकीशी आल्या. त्यांनी बोट दाखवून काही सांगितलं नाही. फक्त म्हणाल्या, “निवळ हाये की पानी.”

पुढे माझी तळेगावला बदली झाली. माझ्या सामानाची ट्रंक आणि वळकटी गाडीत चढवायला मावशी स्टेशनवर आल्या होत्या. त्यानंतर सुट्टीत मी त्यांच्याकडे जात असे. दुसरं महायुद्ध संपलं त्या हिवाळ्यात त्यांना छातीचा विकार झाला. गणपत-पार्वती येऊन राहिली होती. मावशींची बाज माझ्या जुन्या खोलीत, खिडकीपाशी टाकली होती. डॉक्टरांनी गार वारा लागू देऊ नका म्हणून बजावलं होतं, आणि पार्वती दर थोड्या वेळानं खिडकी लावून घेई. ती बाहेर गेली की मावशी ती माझ्याकडून उघडून घेत.

घर पूर्ण रिकामं झालं होतं असं मी म्हणणार नाही. स्वयंपाकघरात झाकणांचा कोपरा तसाच होता. पार्वतीनंच तो ठेवला होता. पण त्या कोपऱ्याकडे पाठ करून माणसं ऐसपैस बसत होती, पोरं लोळत होती.

शेवटच्या भेटीत मी त्यांना थट्टेनं म्हटलं, मावशी, सगळ्या लोणावळ्याला तुम्ही काही ना काही दिलंत. ठाकरवाडीला दिलंत, चहावाल्याला दिलंत, रामभाऊंना तर दार दिलंत. इतकी वर्षं मी तुमच्याकडे राहिले, मला साधा डबासुद्धा दिला नाही. त्यांना धाप लागत होती, तरी हसल्या. माझा हात हातात घेतला आणि थांबत थांबत म्हणाल्या, “तुमाला काय द्यायचं बाई? तुमाला तर समदं सांगून झालंय.”

त्या आठवड्याभरानं गेल्या. पहाटे पार्वती उठली तेव्हा खिडकी उघडी होती. कुणी उघडली ते कुणालाच सांगता आलं नाही.